बुजगावण्याचा किल्ट

स्ट्रानमोर, उत्तर स्कॉटलंड
१२ फेब्रुवारी २००४

चि. रुअरी यास,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझे नाताळचे पत्र आणि सोबतचे छायाचित्र पोचले. पत्रातील चुका लाल शाईने दुरुस्त करून ते परत पाठवीत आहे. किल्ट 'घालत' नाहीत, 'नेसतात', हे तू माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होतास तेव्हाच मी तुला सांगितले होते. छायाचित्र मात्र दुरुस्तीच्या पलीकडचे आहे.

अमेरिकेच्या डोंगरवाटांवर लाकडी पूल बांधणे हा सन्मान्य व्यवसाय आहे आणि माझा भाचा तो करतो याचा मला अभिमान आहे. परंतु तंबूच्या कापडाचा, टिचबटणांचा आणि दोन्ही बाजूंना खिसे लोंबणारा जो प्रकार तू त्या पुलावर नेसून उभा आहेस, तो किल्ट नव्हे. तो चुण्या घातलेला हत्यारांचा पेटारा आहे. किल्ट लोकरीचा असतो, कमरेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला. तो लग्नाला, अंत्ययात्रेला आणि खेळांच्या मेळाव्याला नेसतात. कामासाठी विजार असते. माझ्या आजोबांचा किल्ट नेसून मी कधी शेण उचललेले नाही आणि उचलणारही नाही.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात आपला पोस्टमन फार्कर असेच सोंग नेसून 'उत्तम पोशाख' स्पर्धेत उतरला होता. मी तेथील परीक्षक आहे हे तू जाणतोस. त्याला नियमाप्रमाणे गुडघे टेकायला लावून मी किल्टच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजली. ती बरोबर होती. तरीही खिसे पाहून मी त्याला सर्वांसमक्ष मैदानाबाहेर काढले आणि म्हणालो, "फार्कर, पत्रे पिशवीत ठेवतात, पार्श्वभागावर नव्हे." लोक पुष्कळ हसले.

माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली. मी सर्व कामे स्वतः करतो. शीनाला मात्र ते पटत नाही. तिने बापाला ठेवण्यासाठी इन्व्हर्नेस शहरात तळमजल्यावरचे एक घर पाहून ठेवले आहे, जेथे गरम पाण्याचे नळ आणि माझ्या वयाच्या लोकांचा सहवास आहे. दोन्ही गोष्टींची मला हौस नाही. शेवटी तिच्या-माझ्यात असे ठरले की, जुलैच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी ती येऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला पाहील. त्या दिवशी कोणाच्याही मदतीवाचून मी वाडी सांभाळली, तर मी मरेपर्यंत येथेच राहीन. नाही सांभाळली, तर मेंढ्या विकल्या जातील. मी शब्द दिला आहे. बाप असलो तरी तो पाळावा लागेल.

तुझा मामा,
टॉर्किल मॅकफेल

*

स्ट्रानमोर
२६ फेब्रुवारी

रुअरीबाळा,

मी एफी, तुझ्या मामाच्या कुंपणापलीकडची. तुझा पत्ता मी फार्करकडून घेतला. मास्तरांना यातलं काही सांगू नकोस.

मास्तरांनी तुला "मी सर्व कामे स्वतः करतो" असं लिहिलं असणार. त्यांना नव्वद अंशांच्या पुढे वाकायला डॉक्टरांनी मनाई केलीय. म्हणजे पँटीत पाय घालता येत नाही. रोज सकाळी माझी गाय पिळून होईपर्यंत ते झग्यात बसून असतात, कोंबड्या दाराशी कलकलाट करतात आणि मग मी जाऊन डोळे मिटून पँटीत पाय घालते. त्यांचे पाय, माझे नव्हेत. त्या वेळी ते छताकडे बघत मला क्रियापदं शिकवतात.

"मास्तर," मी म्हटलं, "आजोबांचा किल्ट नेसा की. उभ्यानं गुंडाळता येतो."

"एफीबाई, चर्चमधला चांदीचा पेला घेऊन कोणी गोठ्यात जात नाही," म्हणाले.

शीना त्या दिवशी मला कुंपणापलीकडेच थांबवणार, आणि त्यांना पँट चढणार नाही. पोरीचं चुकतंय असं नाही. मागच्या थंडीत ते बर्फात घसरून दुपारभर पडले होते, ते तिनं पाहिलंय.

तुझा तो फोटो त्यांनी फाडला नाही, शब्दकोशात ठेवलाय. म्हणून लिहितेय. रविवारी रेडिओवरच्या प्रवचनात ते झोपले तेव्हा मी माप घेतलं. सोबत लोकरीचा धागा आहे. पहिली गाठ बेंबीवरची, दुसरी खालच्या हाडावरची, आणि तिसरी कंबर ते गुडघा. प्रवचन लांबलं म्हणून तीनही मापं मिळाली.

एफी

*

कॅस्केड डोंगर, वॉशिंग्टन राज्य
२० मार्च

ती. मामा,
सप्रेम नमस्कार.

लाल शाई पोचली. किल्टबद्दलचं तुमचं मतही पोचलं, आणि तुमच्याशी वाद घालण्याची माझी छाती नाही. विषय संपला.

आता दुसरंच काम. तुमच्या ओटच्या पेरणीवर कावळे उतरतात, आणि वाफ्यातल्या बुजगावण्याचे कपडे आईनं विणलेल्या स्वेटरपासून पुढे सरकलेले नाहीत, असं आठवतं. त्याच्यासाठी एक जुनंपानं वस्त्र पाठवतो आहे. तुम्ही त्याला हात लावायची गरज नाही. त्याला नेसवा म्हणजे झालं. नेसवण्याच्या सूचना देतो, कारण अडाण्यानं नेसवलं तर कावळेसुद्धा हसतील.

कापड मी विचार करून निवडलं. तंबूचं कापड भिजलं की कडक होतं आणि गुडघ्यामागे करवतीसारखं घासतं, म्हणून हे जाड पण मऊ सुती आहे. वर मेण चोळलंय, पाऊस निथळून जातो. काळा रंग घेतला नाही; मेंढीचा एकेक केस त्यावर दिसतो. शेवाळी घेतला. मागे चुण्या खोल आहेत, म्हणजे कुंपण ओलांडताना बुजगावण्याचा पाय मोकळा पडेल. पुढचा पदर डावीकडून उजवीकडे आणायचा आणि उभ्या उभ्या टिचबटणं लावायची. वाकावं लागत नाही. ऐकतो की तुमच्या बुजगावण्याच्या एका खुब्यात अलीकडेच नवी काठी बसवली आहे, म्हणून कमरेचा पट्टा बोटभर वर घेतलाय. त्या जागी काही घासणार नाही.

डाव्या खिशात सुतळी आणि चाकू, उजव्या खिशात खिळे. दोन्ही खिसे एका वजनाचे ठेवायचे, नाहीतर बुजगावणं चालताना कलतं. मोजे गुडघ्याखालपर्यंत ओढायचे. नेच्यांमधल्या गोचिडींना किल्टवाल्यांची नडगी फार आवडते.

आणि किल्टच्या आत काय घालतात, हा प्रश्न कोणी विचारलाच, तर तुमच्या बुजगावण्यानं स्वतःच्या अकलेनं उत्तर द्यावं.

तुमचा,
रुअरी

*

स्ट्रानमोर
२४ एप्रिल

चि. रुअरी यास,
अनेक शुभाशीर्वाद.

पुडके पोचले. बुजगावण्याला वस्त्र पाठविणे हा तुझा नेहमीचा आचरटपणा आहे. तथापि कापड टाकून देणे हा अपव्यय ठरला असता, म्हणून त्याला ते नेसविले आहे.

तू विचारले नाहीस, तरी बुजगावण्याचा अभिप्राय कळवितो. चुण्या यंत्राने घातलेल्या आहेत आणि कोणत्याही सुसंस्कृत डोळ्यास खुपतात. टिचबटणांचा आवाज उद्धट आहे. उजवा खिसा इतका खोल आहे की, तळाशी गेलेला खिळा काढण्यासाठी कोपर आत घालावे लागते. हातोडी अडकविण्यासाठी एकही फास नाही, ही गंभीर त्रुटी होय. बुजगावण्याने स्वतःच चामड्याच्या पट्टीचा एक फास टाचला आहे.

गोचिडींविषयीची तुझी सूचना बुजगावण्याने प्रथम गांभीर्याने घेतली नाही. आता घेतो. 'घेतो' हे चुकून लिहिले गेले. 'घेते' असे वाचावे.

रविवारी बुजगावणे वाफ्यात उभे राहत नाही. ते आपल्याच चर्चचे आहे, आणि रविवारी काम आपल्याकडे वर्ज्य.

आत काय असते, हा प्रश्न बुजगावण्याच्या बाबतीत उद्भवत नाही. आत पेंढा असतो.

मेंढ्यांची वीण चांगली चालली आहे. या वर्षी मी पहाटेच कुरणात असतो. एफीबाईंना हल्ली सकाळी माझ्याकडे यावे लागत नाही. त्यांना मोकळा वेळ मिळतो याचा मला आनंद आहे.

तुझा मामा,
टॉर्किल

*

स्ट्रानमोर
१९ मे

रुअरीबाळा,

हसून हसून माझी बरगडी दुखतेय, म्हणून अक्षर असं.

मास्तर पहाटे पाचला टिचबटणं लावतात. टक, टक, टक. कुंपणापलीकडे मला ऐकू येतं आणि माझी गाय पाय हलवते. मग दिवसभर मेंढ्या, कुंपणाचे खुंट, कोंबड्या, सगळं एकट्यानं. गेल्या आठवड्यात तर शिडीवर चढून पन्हळ साफ केली. मी खालून जात होते. मी वर पाहिलं नाही, माझ्यावर संस्कार आहेत.

पण फार्करची गाडी वळणावर दिसली की जळणाच्या ढिगामागे पळतात. नव्या खुब्याचा माणूस इतका पळतो हे डॉक्टरला कळायला हवं. "मास्तर, कशाला लपता?" विचारलं, तर म्हणाले, "ज्याला मैदानाबाहेर काढले, त्याच्यासमोर त्याच्याच वेषात उभा राहू?"

मंगळवारी फार्करची गाडी बंद पडली. तो पायी आला, आणि तोही मागच्या वाटेनं. मास्तर ओटच्या वाफ्यात मधोमध. ढीग लांब. मग काय केलं असेल त्यांनी? खऱ्या बुजगावण्याची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर ओढली, दोन्ही हात आडवे केले आणि उभे राहिले. खरं बुजगावणं मागे नागडं. बिचाऱ्याच्या अंगावर तुझ्या आईचा स्वेटर तेवढा.

फार्कर थांबला. बराच वेळ बघत होता. मग वाफ्यात उतरला, मास्तरांच्या उजव्या खिशात टपाल ठेवलं, खिशाचं झाकण नीट लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "एफीमावशी, मास्तर घरी नाहीत. त्यांना म्हणावं, टपाल बुजगावण्याकडे दिलंय. माणूस भरवशाचा वाटतो."

तो टेकडीआड जाईपर्यंत मास्तरांनी हात खाली केले नाहीत. एक कावळा येऊन त्यांच्या मनगटावर बसला होता.

फार्कर गावात एक शब्द बोललेला नाही. मी आडून आडून विचारलं. "मी टपालखात्यातला माणूस आहे, मावशी," म्हणतो, "दुसऱ्याचं पाकीट फोडत नाही."

एफी

*

स्ट्रानमोर
८ जून

चि. रुअरी यास,
अनेक शुभाशीर्वाद.

एक खेदाची वार्ता कळवितो. आपल्या पोस्टमनची दृष्टी अधू झाली आहे. तपशिलात शिरत नाही. परंतु हातभर अंतरावरची वस्तू त्याला ओळखू येत नाही, याचा प्रत्यक्ष पुरावा मजजवळ आहे. त्याने चष्मा घ्यावा, असे मी त्याला मेळाव्यानंतर सुचविणार आहे. या वर्षीही तो पोशाख-स्पर्धेत त्याच सोंगात उतरणार असल्याचे ऐकतो.

बुजगावण्यास एक अडचण आहे. समुद्रावरून वारा सुटला असता दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या असल्यास त्याने काय करावे? तुम्ही पुलांवर काय करता?

शीना गुरुवारी, आठ जुलैला, संध्याकाळी येईल आणि शुक्रवारचा संपूर्ण दिवस पाहील. त्या दिवशी मी अर्थातच विजार घालणार. पोशाखाचा परीक्षक आदल्या दिवशी खिशांच्या किल्टमध्ये दिसला, तर तीस वर्षे मी मोजलेली प्रत्येक कड खोटी ठरेल, आणि शीना ते सर्वांना सांगेल. ती मनाने चांगली आहे, पण तिला मैत्रिणी फार आहेत. एफीबाई पहाटे मागच्या दाराने येतील, अशी व्यवस्था करीत आहे. तो एक दिवस बुजगावण्याला रजा.

तुझा मामा,
टॉर्किल

*

कॅस्केड डोंगर
२१ जून

ती. मामा,
सप्रेम नमस्कार.

वाऱ्याचं उत्तर आधी देतो. वाऱ्याकडे पाठ करायची नाही, तोंड करायचं. चुण्या मागे आहेत, पदर पुढे. आणि दोन्ही खिशांत एकेक मूठ खिळे जास्त टाकायचे. आम्ही नद्यांवर तेच करतो.

आता बाकीचं. एफीमावशींनी मला कळवलंय की त्या पहाटे मागच्या दारानं येणार नाहीत. त्यांचं म्हणणं, "शीनानं मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि मला खोटं बोलायला लावायचं असेल तर मास्तरांनी आधी मला चहाला बोलवावं." तुम्ही बोलावणार नाही हे त्यांना ठाऊक आहे.

मामा, मी आजवर बुजगावण्याशीच बोलत आलो, आणि मला मजा आली. एकदाच तुमच्याशी बोलतो. आई गेली त्या वर्षी तुम्ही मला त्या वाडीवर ठेवून घेतलंत. मी इथे अनोळखी डोंगरात झोपतो तेव्हा डोळे मिटल्यावर दिसतं ते तुमचं कुरण. ते इन्व्हर्नेसच्या तळमजल्यावरून दिसणार नाही. एका विजारीपायी ते घालवू नका.

बुजगावण्याला रजा देऊ नका.

तुमचा,
रुअरी

(लाल शाई वापरायचीच असेल तर या पत्रावर तरी कमी वापरा.)

*

स्ट्रानमोर
१२ जुलै

चि. रुअरी यास,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझ्या पत्रावर लाल शाई वापरलेली नाही. एका ठिकाणी मोह झाला होता.

घडले ते क्रमाने सांगतो.

शुक्रवारी सकाळी मी विजारच घालायची ठरविली होती. एफीबाई आल्या नाहीत. चुलीचा चिमटा आणि हातातील काठी यांच्या साहाय्याने मी विजार गुडघ्यापर्यंत आणली आणि तेथे ती थांबली; पुढे येईना आणि मागेही जाईना. दाराबाहेर शीना उभी होती.

"बाबा, मदत करू?"

"नको."

"कोंबड्या ओरडताहेत."

"त्यांना ओरडण्याखेरीज काय येते?"

"बाबा, यात लाज कसली? तिथे मदतीला माणसं असतात. सकाळी येऊन कपडे घालून देतात." ती हे फार मायेने म्हणाली, रुअरी. मायेने म्हटलेली वाक्ये खोडता येत नाहीत.

मी उत्तर देणार, इतक्यात खिडकीतून कुरणाकडे लक्ष गेले. काळ्या तोंडाची आपली जाड मेंढी खळग्यात उताणी पडली होती आणि चारही पाय आकाशाकडे झाडत होती. अजून कातरणी झालेली नाही. पहाटेच्या पावसाने लोकर जड झालेली. अशी मेंढी आपली आपण उठत नाही, पोट फुगून मरते, हे तुला सांगायला नको. आणि कुंपणावर कावळे येऊन बसले होते. ते ती मरण्याची वाट पाहत नाहीत. आधी डोळे काढतात.

मी चिमटा टाकला. विजार पायाने झटकली. ती कोठे पडली ते पाहिले नाही. बुजगावण्याचा किल्ट खुंटीवर होता. पदर डावीकडून उजवीकडे, टक, टक, टक. मोजे राहिलेच. उघड्या पायांवर, बूट घालायच्या लांब पट्टीने रबरी बूट चढवून, काठी घेऊन मी शीनाच्या समोरून बाहेर पडलो. ती म्हणाली, "बाबा?" मी म्हणालो, "मागून बोल."

कुंपण ओलांडले. चुण्या मोकळ्या पडल्या, हे मान्य करावे लागेल. काठीचा आकडा मेंढीच्या लोकरीत अडकवून, टाच मातीत रोवून ओढले, वाकलो नाही. ती उलटली, पण पाय बधिर झाल्याने पुन्हा कोसळू लागली, तेव्हा तिला दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून उभा राहिलो. उघड्या गुडघ्यांना ओल्या लोकरीची ऊब लागत होती आणि तिचे काळीज धडधडत होते. माझेही. कावळे उठून गेले. थोड्या वेळाने ती चालू लागली, जणू काही झालेच नव्हते.

शीना कुंपणापाशी होती. तिने किल्टकडे बोट दाखविले. मग म्हणाली, "बाबा, याला खिसे आहेत?"

"आहेत."

"तुम्ही फार्करला ज्यासाठी हाकललंत, तेच?"

"खोली थोडी अधिक आहे," मी म्हणालो.

त्यानंतर ती दिवसभर माझ्यामागे हिंडली. मी सुतळी मागितली नाही, चाकू मागितला नाही, हातोडी मागितली नाही; सर्व अंगावर होते. संध्याकाळी ओटची पेज खाताना ती म्हणाली, "सोमवारी त्या घराची किल्ली परत करते." मग भांडी उचलता उचलता म्हणाली, "आणि उद्या तुमच्या आजोबांचा लोकरी किल्ट नेसा. मी कोणाला काही सांगणार नाही."

तिने तसे सांगितले नसते, तर कदाचित मी तो नेसलोही असतो.

शनिवारी मी शेवाळी किल्टमध्ये मैदानावर गेलो. वाद्यवृंदातील एक जण सूर विसरला. आपले धर्मगुरू ढगांकडे पाहू लागले. पाटीवर परीक्षक म्हणून माझे नाव होते, म्हणून मला कोणी अडविले नाही. मी उजव्या खिशातून मोजपट्टी काढली आणि स्पर्धकांना गुडघे टेकायला सांगितले.

फार्कर शेवटचा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, चेहऱ्यावर रेषही हलली नाही. गुडघे टेकून ताठ बसला. मी कड मोजली. खिशांविषयी मी एक शब्द बोललो नाही. बोलणार काय?

"फार्कर," मी म्हणालो, "गेल्या वर्षी तुला बाहेर काढले, ते चुकीचे होते. या वर्षी कड अंगठाभर खाली आली आहे. धुण्यात ताणली असेल. दुसरा क्रमांक."

लोक हसले. फार्कर उठला, गुडघे झाडले आणि म्हणाला, "मान्य. पण मास्तर, नियम परीक्षकालाही असतो. टेका गुडघे. मी मोजतो."

मला गुडघे टेकता येत नाहीत हे त्याला ठाऊक होते. मी काही म्हणण्याआधीच तो वळला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "राहू दे. बुजगावणी गुडघे टेकत नाहीत. हात आडवे करून उभी राहतात."

एफीबाईंना हसता हसता खाली बसावे लागले.

फार्करच्या दृष्टीसंबंधी मी मागे जे लिहिले होते, ते खोडून टाकावे. त्याला चष्म्याची गरज नाही. काल, रविवारी, प्रार्थनेनंतर मी त्याला चहाला बोलावले. एफीबाईंनाही. त्यांनी येताना पाव आणला, आणि कोणाच्या तरी भाच्याने अमेरिकेहून मापाचा धागा परत पाठविल्याचे सांगितले. पुढे मी विचारले नाही.

आता कामाचे. आणखी एक किल्ट पाठव. हाच रंग, हेच कापड, हातोडीचा फास तूच लाव, आणि उजव्या खिशाची खोली कमी कर. हा माझ्यासाठी हवा आहे. तसे स्पष्ट लिहीत आहे. कातरणी जवळ आली असून पहिला धुऊन वाळेपर्यंत मला झग्यात बसावे लागते.

बुजगावण्याची काळजी करू नकोस. त्याला मी माझी विजार घातली आहे. ती त्याला चांगली शोभते आणि तीत शिरताना त्याला वाकावे लागले नाही. मात्र कावळे आता त्याला मुळीच भीत नाहीत. ते माझीच वाट पाहत कुंपणावर बसतात.

तुझा मामा,
टॉर्किल मॅकफेल